विखुरलेल्या प्रतींचा हक्क

२३ नोव्हेंबर १९६३ रोजी बीबीसीने ‘डॉक्टर हू’ ही विज्ञानकल्पित मालिका सुरू केली, तेव्हा दूरचित्रवाणीवर दिसलेली गोष्ट घरी साठवून ठेवण्याचे कोणतेही साधन सामान्य ब्रिटिश कुटुंबाकडे नव्हते. शनिवारी संध्याकाळी भाग लागायचा, पंचवीस मिनिटांत संपायचा, आणि तो पुन्हा दिसण्याची शक्यता फारच थोडी असायची. ज्या मुलांचा या मालिकेवर जीव जडला होता, त्यांच्यापैकी काहींनी यावर एक साधा उपाय शोधला. घरातला रिळांचा टेपरेकॉर्डर त्यांनी दूरचित्रवाणी संचाजवळ आणून ठेवला, माइक संचाच्या स्पीकरसमोर धरला, घरातल्या माणसांना अर्धा तास गप्प बसायला सांगितले आणि संपूर्ण भागाचा आवाज टिपून घेतला. एकदोघांनी तर संचातून तार काढून ती थेट टेपरेकॉर्डरला जोडली, म्हणजे खोलीतला गोंगाट मध्ये येऊ नये. मग ही मुले ते रीळ पुन्हा पुन्हा ऐकत. त्यांच्यापाशी चित्र नव्हते; पण संवाद, पार्श्वसंगीत, मालिकेतल्या डालेक या खलयंत्रांचे कर्कश आवाज आणि मधूनच येणारी लांबलचक शांतता एवढ्या सामग्रीवर त्यांची कल्पनाशक्ती उरलेले सगळे उभे करीत असे.

बीबीसीने मात्र ही मालिका जपली नाही. त्या काळी चित्रफीत अतिशय महाग होती आणि ती पुसून पुन्हा वापरता येत असे. कलाकारांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे जुने भाग पुन्हा दाखवण्यावर मर्यादा होत्या. आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाल्यावर कृष्णधवल भागांना परदेशात गिऱ्हाईक मिळेनासे होणार, असा हिशेब मांडला गेला. म्हणून १९६७ ते १९७८ या काळात फिती पुसल्या गेल्या आणि परदेशी विक्रीसाठी काढलेल्या १६ मिलिमीटर फिल्मच्या प्रतीही नष्ट करण्यात आल्या. पहिल्या सहा वर्षांत २५३ भाग प्रक्षेपित झाले होते. त्यांपैकी नव्वदहून अधिक भागांचे चित्र आज उपलब्ध नाही. २९ ऑक्टोबर १९६६ रोजी दाखवलेल्या भागाच्या शेवटी विल्यम हार्टनेल यांनी साकारलेल्या डॉक्टरचे, म्हणजे मालिकेच्या नायकाचे, रूपांतर होऊन त्याच्या जागी पॅट्रिक ट्राउटन प्रकट झाले. नट बदलला तरी पात्र तेच राहते, या ज्या कल्पनेच्या बळावर ही मालिका पुढे अनेक दशके टिकली, त्या कल्पनेचा जन्म ज्या भागात झाला तो भागच आज नाही. रूपांतराचे मोजके क्षण उरले, तेही दुसऱ्या एका बालकार्यक्रमात ते तुकड्याने दाखवले गेले होते म्हणून.

आवाज मात्र सगळ्याच्या सगळा उरला. हरवलेल्या प्रत्येक भागाचे ध्वनिमुद्रण आज उपलब्ध आहे, आणि ते टिकले आहे ते त्या मुलांच्या टेपरेकॉर्डरमुळे. १९९२ पासून ही ध्वनिमुद्रणे, चित्राविना न कळणाऱ्या जागी निवेदनाची जोड देऊन, कॅसेटवर आणि पुढे सीडीवर प्रसिद्ध होऊ लागली. जॉन क्युरा नावाचे एक छायाचित्रकार दूरचित्रवाणीच्या पडद्याची छायाचित्रे काढून ती कलाकार-दिग्दर्शकांना विकण्याचा व्यवसाय करीत. त्यांच्या छायाचित्रांवरून दृश्य कसे होते हे समजले. २००६ मध्ये एका कथेचे दोन हरवलेले भाग मूळ आवाजावर नवे सचेतपट (अ‍ॅनिमेशन) रचून पूर्ण करण्यात आले, आणि २०१६ मध्ये एक संपूर्ण कथाच या रीतीने उभी राहिली. २०१३ साली नायजेरियातील जॉस या शहरात नऊ हरवलेले भाग फिल्मच्या स्वरूपात सापडले. कधीकाळी तिकडच्या केंद्राला प्रक्षेपणासाठी पाठवलेल्या त्या प्रती कोणी तरी परत करायच्या विसरल्या होत्या, किंवा फेकून द्यायच्या विसरल्या होत्या, म्हणून त्या वाचल्या.

हा इतिहास इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे, की ऑडिओबुक, दूरचित्रमालिका आणि पॉडकास्ट या तीन गोष्टींभोवती आज विज्ञानकथेच्या चाहत्यांचे जग फिरते आहे, आणि त्या तिन्हींविषयी जो सार्वजनिक प्रश्न विचारायला हवा तो आपण विचारतच नाही. चर्चा होते ती ऐकणे म्हणजे वाचणे आहे का, मालिकेने पुस्तकाशी इमान राखले का, यावर. हे प्रश्न आस्वादाचे आहेत आणि त्यांची मजा मीही अनेक वर्षे घेत आलो आहे. पण त्यांच्या आधीचा प्रश्न असा, की जे आपण ऐकले आणि पाहिले त्याची प्रत जवळ बाळगण्याचा हक्क ऐकणाऱ्याला आणि पाहणाऱ्याला आहे की नाही. माझे मत स्पष्ट आहे: तो असला पाहिजे, कायद्याने मान्य झाला पाहिजे, आणि तो नसेल तर साहित्य व कला या अर्थाने या माध्यमांना भविष्य नाही.

आपल्या भाषेत या मुद्द्याला फार जुना आधार आहे. ज्ञानेश्वरी आज ज्या शुद्ध स्वरूपात आपल्यापर्यंत पोहोचली, त्यामागे शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी केलेली पाठशुद्धी आहे. तीन शतकांच्या नकलांमध्ये शिरलेली अपपाठांची भर काढून त्यांनी प्रत सिद्ध केली. हे काम होऊ शकले याचे कारण प्रती विखुरलेल्या होत्या. एका ठिकाणच्या नकलेत जे बिघडले, ते दुसऱ्या ठिकाणच्या नकलेशी ताडून पाहता येत होते. तुकोबांच्या गाथेविषयीही वारकरी परंपरेत एक भाव पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो, की वह्या बुडवल्या तरी अभंग लोकांच्या मुखी होते, म्हणून ते तरले. ‘डॉक्टर हू’च्या ध्वनिफिती स्वच्छ करताना संगीतकार व ध्वनितज्ज्ञ मार्क आयर्स यांनी जे केले ते याच जातीचे काम होते: एकाच भागाची वेगवेगळ्या घरांत झालेली मुद्रणे जमवायची, एकीत जिथे खरखर आहे तिथे दुसरीचा आधार घ्यायचा, आणि सर्वांत शुद्ध पाठ सिद्ध करायचा. दोन्हीकडे मूळ मालकाच्या कपाटाने काम केले नाही, ते लोकांच्या हातांतल्या प्रतींनी केले.

आता आजची स्थिती पाहू. ऑडिओबुकचा श्रोता पुस्तक विकत घेतो असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तो एका अ‍ॅपच्या आत, एका कंपनीच्या मर्जीने, ते ऐकण्याची परवानगी घेत असतो. १९९५ साली स्थापन झालेली आणि २००८ मध्ये अ‍ॅमेझॉनने विकत घेतलेली ऑडिबल ही या व्यवसायातली सर्वांत मोठी कंपनी आहे, आणि तिच्या फायलींना डिजिटल कुलूप असते, म्हणजे कंपनीने परवानगी दिलेल्या अ‍ॅपबाहेर ती फाइल चालू नये अशी तांत्रिक अडवणूक. विज्ञानकथालेखक कोरी डॉक्टरो हे आपली पुस्तके कुलपासह विकू द्यायला तयार नाहीत, म्हणून त्यांची ऑडिओबुके त्या दुकानात मिळत नाहीत. २०२० मध्ये एका कादंबरीच्या ध्वनिमुद्रणासाठी त्यांनी वाचकांकडूनच आगाऊ पैसे उभे केले आणि ते कुलूप न लावता स्वतः विकले. ब्रँडन सँडरसन यांचा अनुभव वेगळ्या बाजूने तेच सांगतो. मार्च २०२२ मध्ये त्यांनी चार कादंबऱ्यांसाठी वाचकांना थेट आवाहन केले, तेव्हा १,८५,३४१ जणांनी मिळून सुमारे ४ कोटी १७ लाख डॉलर दिले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी जाहीर केले, की या कादंबऱ्यांची ऑडिओबुके ते ऑडिबलवर देणार नाहीत, कारण ध्वनिमुद्रणाचे हक्क फक्त ऑडिबललाच दिले तर लेखकाला ४० टक्के आणि इतरांनाही दिले तर २५ टक्के अशी विभागणी स्वतंत्र लेखकांवर अन्याय करणारी आहे. २०२४ मध्ये कंपनीने लेखकांच्या मोबदल्याची नवी पद्धत जाहीर केल्यानंतरच ती पुस्तके तिथे गेली. सँडरसन यांना हे जमले, कारण त्यांच्या पाठीशी लाखो वाचक आहेत. ज्याचे हजारच श्रोते आहेत, त्या लेखकाने काय करायचे? श्रोता एका अ‍ॅपमध्ये अडकला की लेखकही तिथेच अडकतो, कारण श्रोत्याला आपला संग्रह घेऊन दुसरीकडे जाता येत नाही. म्हणजे प्रतीवरचा हक्क हा लेखकाच्या हिताविरुद्ध जाणारा हक्क आहे, ही समजूतच मुळात तपासून पाहण्यासारखी आहे.

अभिवाचन ही कला आहे, आणि तिच्यातला प्रत्येक पाठ वेगळा असतो, हेही इथे लक्षात घेतले पाहिजे. जेम्स एस. ए. कोरी या संयुक्त टोपणनावाने डॅनियल एब्रहम आणि टाय फ्रँक यांनी २०११ ते २०२१ या काळात लिहिलेल्या ‘द एक्स्पान्स’ या नऊ कादंबऱ्यांच्या मालेचे उदाहरण घ्या. तिचे अभिवाचन रंगभूमीवरचे नामवंत नट जेफरसन मेज यांनी केले आहे, पण चौथ्या कादंबरीचे पहिले ध्वनिमुद्रण दुसऱ्या आवाजात झाले होते. तीन पुस्तके एका आवाजात ऐकलेल्या श्रोत्यांना हा बदल खटकला, आणि पुढे ती कादंबरीही मेज यांच्या आवाजात पुन्हा मुद्रित झाली. श्रोता म्हणून मला याचा आनंदच आहे. पृथ्वी, मंगळ आणि लघुग्रहपट्टा इथल्या माणसांचे हेल वेगवेगळे ठेवत, एकाच कंठातून ती सगळी माणसे उभी करणारा तो आवाज ऐकताना आपण पुस्तकाच्या आत राहायला जातो. तरीही प्रश्न उरतो. एखादे ध्वनिमुद्रण मागे घेऊन त्या जागी दुसरे ठेवले जाते, तेव्हा पहिल्याचे काय व्हावे? छापील पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली म्हणून पहिलीच्या प्रती वाचकांच्या घरून कोणी परत नेत नाही. अभ्यासकाला दोन्ही आवृत्त्या समोर ठेवून काय बदलले ते पाहता येते. ध्वनिमुद्रण सर्व्हरवर एकाच जागी असेल आणि ते तिथे बदलले गेले, तर पाठभेद नावाची गोष्टच संपते. त्या ठिकाणी उद्या कोणी एकनाथ आले तरी त्यांना ताडून पाहायला दुसरी प्रत मिळणार नाही.

दूरचित्रवाणीच्या बाबतीत हा धोका आता कल्पनेतला राहिलेला नाही. चंद्रावर घडणारा ‘क्रेटर’ हा चित्रपट डिस्ने कंपनीने १२ मे २०२३ रोजी आपल्या स्ट्रीमिंग सेवेवर आणला आणि सातच आठवड्यांत, ३० जूनला, तिथून काढून टाकला. ‘स्टार ट्रेक’ मालेतली ‘प्रॉडिजी’ ही सचेतपट मालिका त्याच महिन्यात तिच्या मूळ सेवेवरून हटवली गेली, आणि चाहत्यांनी आवाज उठवल्यानंतर त्याच वर्षी दुसऱ्या सेवेने ती घेतली. ‘वेस्टवर्ल्ड’ डिसेंबर २०२२ मध्ये तिच्या घरच्या सेवेवरून नाहीशी झाली. या निर्णयांमागची कारणे उघडपणे सांगितली गेली आहेत: सेवेवरून काढलेल्या मालिकेचे मूल्य हिशेबातून कमी दाखवता येते, आणि ती दाखवणे थांबवले की त्यापोटी द्यावा लागणारा काही खर्चही वाचतो. १९६७ साली फीत महाग म्हणून मालिका पुसली गेली, आणि आज फीत जवळजवळ फुकट असूनही ताळेबंदासाठी मालिका लपवली जाते. ज्याच्या हाती एकमेव प्रत आहे, त्याच्या हिशेबात ती ठेवणे तोट्याचे ठरले की ती जाणार, हे दोन्ही काळांत सारखेच आहे. फरक प्रेक्षकाच्या बाजूला पडला आहे. त्या काळच्या मुलाला टेपरेकॉर्डर लावता येत होता.

आणि एके काळी न्यायालयानेही त्या मुलाची बाजू घेतली होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सोनी कंपनीच्या बीटामॅक्स यंत्राविषयीच्या खटल्यात, पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने का होईना, निकाल दिला की घरबसल्या कार्यक्रम मुद्रित करून नंतर सोयीने पाहणे हा प्रताधिकाराचा भंग नव्हे. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यानेही तशी मुभा दिली. पण १९९८ मध्ये अमेरिकेने नवा डिजिटल कायदा केला आणि डिजिटल कुलूप तोडणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरवला. त्यामुळे कागदावरचा जुना हक्क तसाच राहिला, पण तो बजावायचा तर कुलूप तोडावे लागते, आणि कुलूप तोडले की गुन्हा होतो. लोकांकडून काढून घेतलेला हा हक्क कोणत्याही विधिमंडळाने समोरासमोर चर्चा करून, मतदान घेऊन काढून घेतला नाही. माध्यम बदलले, आणि त्या बदलाच्या वाटेत तो गळून पडला. म्हणूनच हा सार्वजनिक प्रश्न आहे असे मी म्हणतो.

पॉडकास्टकडे मी या सगळ्याच्या पार्श्वभूमीवर पाहतो. मुळात पॉडकास्ट ही या तिघांतली सर्वांत मोकळी गोष्ट. साधी ध्वनिफाइल, कोणालाही उतरवून घेता येईल अशी, कोणत्याही अ‍ॅपमध्ये चालेल अशी. विज्ञानकथेच्या चाहत्यांनी हे माध्यम फार लवकर आपलेसे केले, कारण स्वतःच छापलेली हस्तपत्रे आणि पत्रव्यवहार यांतून एकमेकांशी वाद घालण्याची त्यांची परंपरा जवळजवळ शंभर वर्षांची आहे. जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे सभासद मतदान करून जे ह्यूगो पुरस्कार देतात, त्यांत २०१२ पासून चाहत्यांच्या पॉडकास्टसाठी स्वतंत्र विभाग आहे. दोन मित्र किंवा मैत्रिणी एका मालिकेच्या तिसऱ्या भागावर दीड तास बोलतात, अभिवाचकाने एका वाक्याचा सूर का बदलला असेल यावर भांडतात, आणि ऐकणारा मनातल्या मनात त्यांच्याशी वाद घालतो. मला ही समीक्षाच वाटते. कित्येकदा ती विद्यापीठीय समीक्षेपेक्षा अधिक बारकाईची असते, कारण बोलणाऱ्यांनी ते पुस्तक चार वेळा ऐकलेले असते. पण समीक्षेला मूळ कृतीकडे परत जाता आले पाहिजे. एखाद्याने केलेले विधान खरे की खोटे हे श्रोत्याला स्वतः पडताळता आले पाहिजे. कृतीच काढून घेतली गेली, तर उरतात त्या फक्त आठवणी सांगणाऱ्यांच्या आठवणी.

ह्यूगो पुरस्कारांच्या ज्या समारंभात पॉडकास्टचा पहिला पुरस्कार दिला गेला, त्याच समारंभात घडलेली एक घटना मी विसरू शकत नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये शिकागोत हा समारंभ चालू होता आणि जगभरचे चाहते तो घरबसल्या थेट पाहत होते. सर्वोत्तम दूरचित्र-भागाचा पुरस्कार ‘डॉक्टर हू’च्या एका भागाला मिळाला, त्यातली दृश्ये दाखवली गेली, भागाचे लेखक आभाराचे भाषण करायला उभे राहिले, आणि प्रक्षेपण मध्येच बंद पडले. प्रताधिकाराचा भंग शोधणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेला ती दृश्ये चोरीची वाटली होती. दृश्ये रीतसर परवानगीने दाखवलेली होती, प्रक्षेपण करणाऱ्या कंपनीने नंतर माफीही मागितली. पण समारंभ पाहणाऱ्यांना तो उरलेला वेळ परत मिळाला नाही. हक्क कोणाचा, परवानगी कोणाची, अपवाद कोणता, हे ठरवण्याचे काम माणसांकडून काढून यंत्राकडे दिले की कायद्याने दिलेला अपवादही व्यवहारात नाहीसा होतो. पॉडकास्ट करणाऱ्याला तर हे रोजचेच आहे. पंधरा सेकंदांचा ध्वनितुकडा समीक्षेसाठी वापरावा की न वापरावा, हे तो कायदा वाचून ठरवत नाही. यंत्रणा आपला भाग उडवील की काय या भीतीने ठरवतो.

माझ्या या म्हणण्यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. पहिला असा, की प्रत जवळ बाळगू दिली तर चोरी वाढेल आणि लेखक, अभिवाचक, तंत्रज्ञ यांचे पोट मारले जाईल. मी या लोकांच्या कष्टाच्या बाजूचा आहे. दहा तासांचे पुस्तक वाचून मुद्रित करताना घशाची आणि मनाची काय अवस्था होते, हे ज्यांनी एखादे प्रकरण तरी मोठ्याने वाचले असेल त्यांना कळेल. पण संगीताच्या बाबतीत हा प्रयोग होऊन गेला आहे. जानेवारी २००९ मध्ये अ‍ॅपल कंपनीने आपल्या दुकानातली गाणी कुलपाविना विकण्याचे जाहीर केले, आणि संगीताचा व्यवसाय त्यामुळे बुडाला नाही. चोरी करणारा कुलूप तोडतोच. कुलपात सापडतो तो पैसे मोजणारा. दुसरा आक्षेप असा, की सगळेच जपण्याच्या लायकीचे नसते. खरे आहे. पण काय लायकीचे आहे हे त्या वेळी कोणाला कळते? १९६० च्या दशकात एक शनिवारची मुलांची मालिका जपण्याजोगी आहे असे बीबीसीतल्या जाणत्या माणसांना वाटले नव्हते. ते त्या मुलांना वाटले होते. रसिकांच्या निवडीवर माझा अधिक भरवसा आहे, कारण हजार रसिकांच्या हजार निवडी असतात आणि त्यांच्या चुका एकाच दिशेने होत नाहीत.

मराठीपुरते बोलायचे, तर आपण या वळणावर अगदी सुरुवातीला उभे आहोत. मराठी विज्ञानकथेला स्वतःची परंपरा आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने आलेली कथा जयंत नारळीकरांची होती, हा प्रसंग आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. ‘नवल’, ‘धनंजय’ यांसारख्या दिवाळी अंकांनी ती परंपरा वर्षानुवर्षे पोसली. पुण्यामुंबईच्या फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात यांतला एखादा चाळीस वर्षांपूर्वीचा अंक अजूनही हाती लागतो. तो विखुरला म्हणून उरला. आता २०१७ मध्ये स्टोरीटेल ही स्वीडिश सेवा मराठी पुस्तके घेऊन भारतात आली, तेव्हापासून मराठी अभिवाचनाला नवा श्रोता मिळाला आहे. त्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो अमेरिकेत, आखातात, इंग्लंडमध्ये वाढलेला मराठी मुलगा किंवा मुलगी, जिला आजीची मराठी समजते पण देवनागरी वाचता येत नाही. तिच्यासाठी ऑडिओबुक हा मराठी साहित्यात शिरण्याचा एकुलता एक दरवाजा आहे. तसाच तो आपल्याकडच्या अंध वाचकांसाठी आहे, आणि इथे भारताची कामगिरी अभिमानास्पद आहे: दृष्टिहीनांना सुलभ रूपात पुस्तके मिळावीत यासाठीच्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा २०१४ मध्ये जगातला पहिला देश ठरला.

मात्र जतनाच्या बाबतीत आपला कायदा १९५४ सालीच थांबला आहे. त्या वर्षीच्या कायद्यानुसार भारतातल्या प्रत्येक प्रकाशकाने पुस्तकाची प्रत स्वखर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई व दिल्ली इथल्या एकेका सार्वजनिक ग्रंथालयाला द्यावयाची असते. मुंबईतले ते ग्रंथालय म्हणजे टाउन हॉलमधले. पण त्या कायद्यात पुस्तक म्हणजे छापलेले पुस्तक. एखादी मराठी विज्ञानकथा थेट ध्वनिरूपातच प्रसिद्ध झाली, आणि आता अशा कथा खास ऐकण्यासाठी म्हणून लिहिल्या जात आहेत, तर तिची प्रत कुठेही जमा करण्याचे बंधन कोणावरही नाही. सेवा बंद झाली, करार संपला, की ती कथा अशी जाईल, जशी ती कधी लिहिलीच गेली नव्हती. फ्रान्सने १९९२ मध्येच कायदा करून रेडिओ आणि दूरचित्रवाणीचे कार्यक्रम राष्ट्रीय संग्रहात जमा करणे बंधनकारक केले. आपल्याला तेवढे करायला कोणती अडचण आहे? १९५७ च्या आपल्या प्रताधिकार कायद्यात व्यक्तिगत वापरासाठी रास्त उपयोगाची मुभा आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीत डिजिटल कुलपाला संरक्षण देताना, कायद्याने मना न केलेल्या हेतूसाठी ते उघडण्यास वाव ठेवलेला आहे. म्हणजे आपला कायदा अमेरिकेच्या कायद्याहून रसिकाला अनुकूल आहे. त्या अनुकूलतेचा उपयोग करून घेण्यासाठी तीन गोष्टी हव्यात: ऑडिओबुक आणि ध्वनिमालिका ग्रंथालयांना देण्याचे बंधन, विकत घेतलेले ऑडिओबुक सेवा बंद होण्यापूर्वी उतरवून घेता येण्याची कायदेशीर हमी, आणि सेवेवरून काढलेली मालिका विशिष्ट मुदतीत अन्यत्र उपलब्ध झाली नाही तर ती सार्वजनिक संग्रहाकडे सोपवण्याची तरतूद. साहित्य महामंडळ, विज्ञान परिषद, ग्रंथालय संघ यांनी ही मागणी हाती घ्यावी असे मला मनापासून वाटते.

एका सेवेवर मी पैसे भरून काही मराठी कथा ऐकल्या होत्या. त्यांतली एक, एका वेधशाळेत एकट्या राहणाऱ्या बाईची, मला इतकी आवडली की रोज लोकलने जाताना मी तिचा शेवट पुन्हा ऐकत असे. एका सकाळी ती यादीतून गेलेली होती. विचारणा केल्यावर करार संपल्याचे उत्तर आले. त्या अभिवाचिकेने शेवटच्या वाक्यापूर्वी घेतलेला श्वास मला अजून आठवतो, पण तो मी कोणाला ऐकवू शकत नाही.

याउलट माझ्याकडे एक कॅसेट आहे. १९८० च्या दशकात आकाशवाणीवर लागलेली एक विज्ञानश्रुतिका माझ्या वडिलांनी घरच्या रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून मुद्रित केली होती. तिच्यात अंतराळयान गुरूजवळ पोहोचते त्याच क्षणी आमच्या स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी होते, आणि पुढे एका गंभीर संवादाच्या मागे आई मला हळू आवाजात दामटून गप्प करताना ऐकू येते. गेल्या वर्षी मी ती संगणकावर उतरवून घेतली आणि तिच्या तीन प्रती केल्या: एक नागपूरच्या मावसभावाला दिली, एक शाळेतल्या मित्राला, आणि एक माझ्या भाचीला, जी टोरंटोला राहते आणि कुकरची शिट्टी आली की दर वेळी पुन्हा मागे जाऊन ऐकते.